दवंडी आणि चार खिडक्या

लहानपणी वसमत तालुक्यातल्या आमच्या गावी दवंडी चौकाचौकांत थांबे. कोपऱ्यावरच्या घराला ती दोनदा ऐकू येई. पुढे युनिक्सच्या संगणकावर काम करताना तोच अनुभव आला. तिथे ‘वॉल’ या आज्ञेने दिलेली सूचना माणसाला नव्हे, टर्मिनलला जाते. चार खिडक्या उघड्या असल्या की ‘यंत्र बंद होत आहे’ चारदा उमटते, तेही अर्धवट मजकुराच्या मधोमध. खिडकीची नोंदच नसेल, तर एकदाही नाही! सहकाऱ्यांचे निरोप अडवता येतात, व्यवस्थापकाचा नाही. बरेच आहे ते.

१० जुलै २०२४ला सकाळी हिंगोली जिल्हा ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. मी घाबरून फोन लावला. आईला तोवर पाच फोन येऊन गेले होते. शेजारच्या एकट्या काकूंना एकही नव्हता.