राजेंद्र चोळाच्या जहाजांसाठी दहा डॉलर

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळाचा ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ हा जोडभाग पैसे मोजून घ्यावा की नाही, यावरचा माझा आणि माझ्या भाच्याचा वाद अजून मिटलेला नाही. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. रात्री जेवण झालं की ऑनलाइन सामने खेळतो आणि त्याचं म्हणणं ठाम आहे: ‘आत्या, घेतलंस काय आणि नाही घेतलंस काय, खेळ तोच राहतो.’ मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. मला सामन्यांपेक्षा मोहिमा खेळायला आवडतात, म्हणजे एखाद्या राजाची गोष्ट लढाईमागून लढाई पुढे नेणं. माझं उत्तर आहे, घ्यावा. त्यामागची कारणं मात्र खेळापेक्षा इतिहासात जास्त आहेत.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सुरुवातीला तुमच्याकडे वस्तीची एक मुख्य इमारत, दोन-चार गावकरी आणि टेहळणीला एक घोडेस्वार एवढंच असतं. गावकऱ्यांनी लाकूड तोडायचं, मेंढ्या आणायच्या, शेतं करायची, सोनं आणि दगड खणायचे. मग बराकी, तबेले, किल्ले बांधायचे आणि अंधारयुगापासून साम्राज्ययुगापर्यंत चार युगं चढत जायचं. बुद्धिबळासारख्या आळीपाळीने चाली नसतात. तुम्ही विचार करत बसता तेव्हा समोरचा सैन्य जमवत असतो. १९९९ मध्ये एन्सेम्बल स्टुडिओजने हा खेळ काढला तेव्हा त्यात १३ संस्कृती होत्या. प्रत्येकीचा सांगाडा सारखाच, पण कुणाचे तिरंदाज लांब मारा करतात, कुणाचं घोडदळ दणकट असतं. पुढच्या वर्षी ‘द कॉन्करर्स’ आला आणि आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये एक अख्खी पिढी त्याच्यावर वाढली. २००९ मध्ये तो स्टुडिओ बंद झाला, तरी खेळणाऱ्यांनी खेळ सोडला नाही. चाहत्यांनीच हौसेने तयार केलेला एक जोडभाग २०१३ मध्ये ‘द फरगॉटन’ या नावाने अधिकृत झाला आणि त्याच चमूने पुढची सूत्रं हातात घेतली. आज आपण खेळतो ती २०१९ ची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’. तिच्यासाठी दर काही महिन्यांनी एखादं नवं एक्स्पान्शन, म्हणजे जोडभाग, येतं. खेळणारी मुलं त्याला डीएलसी म्हणतात.

‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ २८ एप्रिल २०२२ ला आलं. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे १० डॉलर होती. आपल्याकडे ती रुपयांत दिसते आणि सवलतीच्या दिवसांत बरीच उतरते.

भाच्याची बाजू हलकी नाही, म्हणून ती आधी मांडते. जुन्या ‘इंडियन्स’ संस्कृतीचं रूप बदलून ती ‘हिंदुस्तानी’ झाली, आणि मूळ खेळ ज्याच्याकडे आहे त्याला ती एक पैसाही न देता मिळाली. गुलाम नावाचं नवं पायदळ तिच्यात आलं, व्यापारी गाड्यांना बळ देणारी कारवाँसराय आली, ग्रँड ट्रंक रोड नावाचं संशोधन आलं. पैसे लागतात ते बंगाली, द्रविड आणि गुर्जर या तीन संस्कृतींना आणि बाबर, राजेंद्र व देवपाल या तीन मोहिमांना. समोरच्या खेळाडूने गुर्जर निवडले तर तुम्ही हे एक्स्पान्शन घेतलेलं नसलं तरी त्याच्याशी लढू शकता. या भागानंतर खेळात ४२ संस्कृती झाल्या. सामने खेळणारा माणूस त्यातल्या पाच-सहाच मनापासून शिकतो. आणि नव्या संस्कृती आल्या आल्या वरचढ वाटतात, पुढच्या अपडेट्समध्ये त्यांची धार कमी होते, हेही खरं. तेव्हा फक्त जिंकण्यासाठी खेळायचं असेल तर भाच्याचा हिशेब बिनचूक आहे. तिथे मी त्याच्याशी भांडत नाही.

माझं भांडण आहे ते २०१३ ते २०२२ या काळातल्या नकाशाशी. या खेळात पहिल्या दिवसापासून ब्रिटन, केल्ट, फ्रँक आणि ट्यूटन वेगवेगळे होते. २०२१ मध्ये तर बर्गंडी आणि सिसिली यांनाही स्वतंत्र जागा मिळाली. आपल्या उपखंडाला मात्र आधी काहीच नव्हतं आणि २०१३ मध्ये मिळाली ती एकच संस्कृती: उंटस्वार, हत्तीवरचे तिरंदाज आणि पृथ्वीराजाची एक मोहीम. दिल्लीचा सुलतान आणि तंजावरचा चोळ राजा एकाच तबेल्यातून एकसारखं सैन्य काढत होते. माझ्या वर्गात मी मुलांना जे विसरायला सांगते, नेमकं तेच हा खेळ त्यांना रोज शिकवत होता. या एक्स्पान्शनने ते दुरुस्त केलं, आणि नुसत्या झेंड्यांचे रंग बदलून नव्हे.

द्रविडांकडे पाहा. त्यांचं घोडदळ इतकं तोकडं आहे की पहिल्यांदा खेळणारा चरफडतो. सरदारी घोडेस्वार नाहीत, उंटही नाहीत. पण दक्षिणेत चांगल्या जातीचा घोडा पैदास होत नव्हता. तो अरबस्तानातून आणि होर्मुझकडून जहाजाने यायचा. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने पांड्यांच्या राज्यात दरवर्षी किती घोडे विकत घेतले जातात आणि त्यातले किती मरतात, हे नवलाने लिहून ठेवलं आहे. खेळ रचणाऱ्यांनी ही उणीव तशीच ठेवली आणि तिची भरपाई पायदळात, पाण्यावर आणि लाकडात केली. प्रत्येक नव्या युगात पाऊल टाकलं की द्रविडांना २०० लाकूड मिळतं, ते सरळ जहाजांत घालता येतं. त्यांच्याकडे तिरिसदै नावाचं मोठं लढाऊ जहाज आहे. केरळच्या कळरीतली लवचिक उरुमी तलवार फिरवणारा शिपाई आहे. त्याचा पहिला घाव आजूबाजूच्या अनेकांना लागतो. शेवटच्या युगात ‘वूट्झ स्टील’ हे संशोधन मिळतं आणि त्यानंतर तुमच्या तलवारींपुढे शत्रूचं चिलखत कुचकामी ठरतं. तमिळनाडूतल्या कोडुमणलच्या उत्खननात आणि तेलंगणातल्या कोनासमुद्रमच्या भट्ट्यांमध्ये ज्या मुशीतल्या पोलादाच्या खुणा आहेत, तेच हे पोलाद. दमास्कसच्या तलवारींची कीर्ती त्याच्यावर उभी होती. ‘भारत पोलाद निर्यात करत असे’ ही पाठ्यपुस्तकातली एक ओळ मुलं परीक्षेपुरती घोकतात. इथे त्या पोलादाने लढाईचा निकाल बदलताना दिसतो.

राजेंद्राची मोहीम हाच या भागातला सर्वांत चांगला तुकडा आहे, असं मला वाटतं. पहिला राजेंद्र चोळ १०१४ ते १०४४ या काळात राज्य करत होता. त्याचं सैन्य गंगेपर्यंत गेलं आणि १०२५ च्या सुमारास त्याच्या आरमाराने समुद्र ओलांडून श्रीविजयावर, म्हणजे आजच्या सुमात्रा आणि मलाया भागावर, हल्ला केला. तंजावरच्या शिलालेखात कडारमसह जिंकलेल्या बंदरांची नावं कोरलेली आहेत. मराठी वाचकाला या मोहिमेत आणखी एक धागा सापडेल: चोळांचा जमिनीवरचा जुना वैरी म्हणजे कल्याणीचे चालुक्य. त्यांची राजधानी आजच्या बसवकल्याणला होती आणि आपल्या सोलापूर-धाराशिवचा मुलूख त्यांच्याच अमलाखाली होता.

आता देवपाल. नवव्या शतकातला हा पाल राजा शाळेच्या पुस्तकात नावापुरता येतो. कनौजसाठी पाल, प्रतिहार आणि राष्ट्रकूट यांच्यात चाललेला तिहेरी झगडा आपण शिकतो, पण तो नेहमी एका परिच्छेदात आटोपतो. खरं तर त्यातले राष्ट्रकूट आपल्याकडचे, वेरूळचं कैलास लेणं खोदवणारे. देवपालाचा नालंदा ताम्रपट सांगतो की सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेव राजाने नालंदेत विहार बांधला आणि त्याच्या खर्चासाठी देवपालाने ५ गावं दिली. म्हणजे राजेंद्राने ज्या समुद्रापलीकडच्या सत्तेवर आरमार धाडलं, तिचे भिक्षू दोनशे वर्षं आधी बिहारमध्ये राहत होते. आणि खुद्द राजेंद्राच्या बापाने, राजराजाने, श्रीविजयाच्या राजाने नागपट्टणमला उभारलेल्या विहाराला आनैमंगलम हे गाव दिलं होतं; लायडन ताम्रपट म्हणून ओळखले जाणारे लेख त्याची साक्ष देतात. दोन मोहिमा लागोपाठ खेळल्या तर बंगालचा उपसागर किती गजबजलेला रस्ता होता हे मनात ठसतं. देवपाल आणि राजेंद्र एकाच संचात देणं ही निवड मला फार जाणतेपणाची वाटते.

हत्तींबद्दलही सांगायला हवं. पूर्वी हत्तीवरचे तिरंदाज फक्त किल्ल्यातून निघत. आता ते तिरंदाजीच्या साध्या इमारतीत तयार होतात. आणि भारतीय संस्कृतींना दरवाजे फोडायला ओंडक्याचं धडकयंत्र मिळतच नाही, त्याऐवजी चिलखती हत्ती मिळतो. दौलताबादच्या दरवाज्यांवर मनगटाएवढे अणकुचीदार खिळे का ठोकले आहेत, हे सहलीला गेलेल्या मुलांना आम्ही दरवर्षी समजावतो. ज्याने या खेळात चिलखती हत्ती तटाला भिडवला आहे त्याला ते खिळे सांगावे लागत नाहीत.

काही गोष्टी मला पटलेल्या नाहीत. बंगाल्यांचं खास शस्त्र म्हणून रथ दिला आहे. कधी लांबून बाण मारणारा तर कधी जवळून भिडणारा असा तो दुहेरी वापराचा आहे आणि खेळायला मजेदार आहे. पण पालांच्या काळापर्यंत युद्धातले रथ केव्हाच मागे पडले होते. अरब प्रवाशांनी पूर्वेकडच्या या राजाच्या हत्तींचं वर्णन केलं आहे, रथांचं नाही. जिथे द्रविडांच्या घोड्यांबद्दल एवढा काटेकोरपणा दाखवला, तिथे बंगालला महाभारतातला रथ देणं ही तडजोड खटकते.

दुसरी उणीव आपल्या दाराशी आहे. देवगिरीचे यादव या खेळाच्या काळात अगदी चपखल बसतात. बाराव्या शतकात त्यांची सत्ता उभी राहिली, होयसळ बल्लाळाशी त्यांनी कृष्णा-तुंगभद्रेच्या मुलुखासाठी झुंज दिली, त्यांच्या सिंघण राजाने लाट प्रांतावर आणि गुजरातवर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या केल्या, आणि १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर येऊन थडकला. हेमाद्री पंडित त्याच दरबारातला आणि ज्ञानेश्वरी लिहिली गेली तीही यादव राजा रामदेवरावाच्या राज्यात, १२९० मध्ये. एवढी भरलेली शंभर-सव्वाशे वर्षं असूनही दख्खनला स्वतःची संस्कृती मिळालेली नाही. उत्तरेला गुर्जर, दक्षिणेला द्रविड, आणि मध्ये आपण. हे मला मनापासून लागतं.

भाचा म्हणतो, मग त्यांनाच कशाला पैसे द्यायचे? माझं उत्तर त्याच्या नेमकं उलट आहे. या खेळात १९९९ पासून नकाशे रचण्याचं साधन आहे. नद्या, घाट, तट, सैन्य आणि संवादसुद्धा आपण मांडू शकतो, कुणी कुठे पोहोचलं की काय घडावं हे ठरवू शकतो. जुन्या एकाच संस्कृतीतून सिंघणाची स्वारी रचली असती तर दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या दिसल्या असत्या. आता एका बाजूला द्रविडांचं पायदळ आणि पोलाद देऊन त्यात मी यादव उभे करू शकते. समोर गुर्जर असतात: गिरणीत जनावरं बांधून धान्याची सोय करणारे, उंटांवर भिस्त ठेवणारे आणि पहिले काही बाण अंगावर घेऊनही न थांबणारे श्रीवंश घोडेस्वार बाळगणारे. दक्षिणेत घाटवाटा, पश्चिमेला भडोचचं बंदर. यादवांचं चित्र त्यात पुरतं उतरत नाही, कारण त्यांचं घोडदळ द्रविडांइतकं क्षीण दाखवणं मला पटत नाही. तिथे सुरुवातीलाच काही स्वार हाताने ठेवावे लागतात. तरी लढाई दोन वेगळ्या माणसांची वाटते. बारावीच्या मुलांना मी हा नकाशा दाखवते तेव्हा ती तापी कुठे ओलांडायची यावर भांडतात, आणि सिंघणाला तोच प्रश्न पडला असणार.

विकत घेणाऱ्याने दोन गोष्टी नीट बघाव्यात. जुनी १९९९ ची सीडी किंवा २०१३ ची आवृत्ती असेल तर हा भाग तिच्यावर चालत नाही, ‘डेफिनिटिव्ह एडिशन’च लागते. ती नसेल तर आधी तीच घ्यावी, फुकट मिळणारे हिंदुस्तानी खेळून पाहावेत आणि पृथ्वीराजाची जुनी मोहीम संपवावी. ती करताना कंटाळा आला तर पुढचे पैसे वाचवावेत. रंगलात तर सवलतीची वाट पाहायला हरकत नाही, पण फार नको. मोहिमांमध्ये बाबर आधी करू नये. समरकंदपासून १५२६ च्या पानिपतापर्यंतची त्याची गोष्ट आपल्याला सर्वांत ओळखीची, त्यामुळे हात तिकडेच जातो. पण ती लांबवर पळवते आणि अवघड आहे. राजेंद्राने सुरुवात करावी, मधली पातळी निवडावी, आणि पहिल्या बंदराशीच आरमार वाढवायला घ्यावं.