दमा आणि त्रिज्येचा चौथा घात

शहाळ्याचे पाणी आधी जाड नळीने ओढून पाहा, मग बारीक नळीने. दुसऱ्या वेळी गाल दुखू लागतात, पण घोटभर पाणी काही येत नाही. असे का होते?

सुमारे १८४० साली प्वाझय या फ्रेंच वैद्याने याचा नियम शोधला. दाब आणि लांबी तीच असेल, तर बारीक नळीतून संथ वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली, की प्रवाह निम्मा नव्हे, तर एक सोळांश होतो. त्रिज्या केवळ २० टक्क्यांनी घटली, तरी प्रवाह ४१ टक्केच उरतो!

दम्यात नेमके हेच घडते. धूळ, धूर, परागकण, थंड हवा किंवा सर्दी यांमुळे श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ साचतो. या नळ्या ताठ नसल्याने वरचा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही. पण थोड्याशा आकुंचनाने जीव का घाबरा होतो, हे त्यावरून कळते.

आता नियमाची दुसरी बाजू पाहा. नळी थोडी रुंदावली, तरी प्रवाह पुष्कळ वाढतो. म्हणूनच पंपातील औषधाने काही मिनिटांत आराम पडतो. त्याचे अतिसूक्ष्म कण थेट श्वासनलिकांत पोचतात, त्यामुळे मात्राही थोडी पुरते. मात्र स्नायू सैल झाले, म्हणजे सूज उतरली असे नव्हे. सूज कमी करणारे औषध वेगळे असते. ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बरे वाटत असतानाही घ्यायचे असते. ते मनाने बंद केले, की दुखणे पुन्हा डोके वर काढते.

माझ्या वर्गातील एक विद्यार्थी चेष्टेच्या भीतीने पंप दप्तरात लपवून ठेवी. पंपाने व्यसन लागते, असेही कोणी त्याला सांगितले होते. दोन्ही भीती निरर्थक आहेत. दमा संसर्गजन्य नाही आणि पंप ही लाजेची वस्तू नाही.

वर्गमित्राला झटका आला, तर त्याला ताठ बसवा, भोवतीची गर्दी हटवा, त्याचा पंप त्याच्या हाती द्या आणि शिक्षकांना बोलवा. आराम पडत नसेल, सलग वाक्य बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. चौथ्या घाताचा नियम वाट पाहत नाही.