‘कारण’ या रकान्यात कोण लिहितं?

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एक बाई भेटल्या. म्हणाल्या, “सर, मुलगा गांजा ओढतो. मी म्हणते वेड लागेल. तो मोबाईलवर संशोधन दाखवतो. खरं कोणाचं?” मी डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे. तेव्हा आज ‘कारण’ या शब्दाबद्दल बोलतो.

१८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे कारण लिहिलं होतं गांजा, भांग किंवा चरस. पुढच्याच वर्षी सरकारनं आयोग नेमला. आयोगानं एकेका रुग्णाची चौकशी केली, तेव्हा २२२ चे ९८ उरले. बाकीच्यांचं काय? रुग्णाबरोबर पोलिसांचा कागद यायचा, त्यात कारणाचा रकाना असायचा. माणूस गांजा ओढतो एवढं कळलं की तेच कारण म्हणून लिहून मोकळे!

आता मुलगा म्हणेल, “बघ आई!” थांब बाळा, ९८ म्हणजे शून्य नव्हे.

स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या ४५,५७० तरुणांची पुढची पंधरा वर्षं तपासली गेली. निष्कर्ष १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पन्नासहून जास्त वेळा गांजा-चरस घेतलेले होते ७५२. त्यांतल्या २१ जणांना स्किझोफ्रेनिया झाला. कधीच न घेतलेल्यांच्या तुलनेत हे प्रमाण साधारण सहापट. पण घरची परिस्थिती, आधीचा मानसिक त्रास हे सगळं हिशेबात धरलं, तेव्हा सहापटीचं दुपटीहून थोडं जास्त एवढंच राहिलं. म्हणजे संबंधाचा बराचसा भाग इतर गोष्टींचा होता, पण सगळा नव्हता. शिवाय आजाराची चाहूल लागलेला माणूसच गांजाकडे वळला असेल, ही शंकाही राहतेच.

तेव्हा बाई, “वेड लागेलच” म्हणू नका. तो तुम्हाला उरलेले ७३१ दाखवेल आणि तुमचं पुढचं काही ऐकणार नाही. आणि मुला, “काही होत नाही” असं तूही म्हणू नकोस. त्या २१ जणांना आपण त्यांत आहोत हे आधी कुठं माहीत होतं? ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘निर्धोक आहे असं सिद्ध झालं’ ही दोन वेगळी विधानं आहेत, बरं का.

विचारायचं ते हे : कितव्या वर्षापासून? किती? घराण्यात कुणाला असा आजार होता का? हे प्रश्न घेऊन दोघं मिळून डॉक्टरकडे जा. रकाना घाईनं भरू नका, एवढंच माझं सांगणं.