एका दाण्याने वाढलेली रास

बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेले, की अर्धा पट ओलांडताच, तेहतिसाव्या घरात, ४,२९,४९,६७,२९६ दाणे मांडावे लागतात. या राशीत आणखी एकच दाणा टाकावा. जी संख्या होते तिने एका थोर गणितज्ञाला चकविले.

२ पासून निघून दर वेळी वर्ग करीत जावे : २, ४, १६, २५६, ६५५३६. प्रत्येकात एक मिळविला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे एक आणि स्वतः ती संख्या यांखेरीज कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही. हे पाहून फ्रान्समधील फर्मा याने १६४० साली असे मत मांडले, की ही ओळ कितीही लांबविली तरी प्रत्येक संख्या मूळच निघेल. व्यवसायाने तो कायद्याचा माणूस. सिद्धता हाती नाही, हे त्याने पत्रातून मोकळेपणाने कबूलही केले होते. ओळीतील सहावी संख्या म्हणजेच आपली ४,२९,४९,६७,२९७.

१७२९ साली गोल्डबाखने हा प्रश्न तरुण ऑयलरपुढे ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले, की या संख्येला ६४१ ने भाग जातो! भागाकार येतो ६७,००,४१७. आम्ही हा गुणाकार कागदावर करून पाहिला आहे. श्रोत्यांनीही घरी गेल्यावर करावा.

पण ६४१ च का? सरळ मार्गाने जायचे तर ६५५३६ पर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्या तपासाव्या लागतील. पुढे ऑयलरनेच सिद्ध केले, की या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ च्या पटीहून एकाने अधिक असला पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या खेपेसच काम झाले!

भागाकाराचा ज्यांना कंटाळा आहे त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. ६४० म्हणजे ५ गुणिले १२८. ही संख्या ६४१ हून एकाने कमी, म्हणून बाकी उणे एक मानू. तिचा चौथा घात केला की बाकी अधिक एक होते. त्या घातात ५ चा चौथा घात, म्हणजे ६२५, आहे. तो ६४१ हून १६ ने कमी, म्हणून त्याच्या जागी उणे १६ लिहावे. उरलेला १२८ चा चौथा घात आणि हे १६ यांचा गुणाकार म्हणजे नेमकी आपली दाण्यांची रास. तेव्हा उणे रास घेतली तर बाकी एक. अर्थात रास आणि एक मिळून ६४१ ने निःशेष भाग जातो.

आज परिस्थिती नेमकी उलटी झाली आहे. सहाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त ठरल्या आहेत, आणि पुढे एकही मूळ संख्या नसावी असे पुष्कळांना वाटते. सिद्धता मात्र त्यांच्याजवळही नाही. चौतिसाव्या संख्येचा निकाल अजून लागावयाचा आहे.