भांड्यांच्या पाटीवरचा 'लिसन'

भांडी आळीतल्या दुकानांवर हमखास दिसणारी इंग्रजी पाटी डोळ्यांसमोर आणा : 'स्टेनलेस स्टील युटेन्सिल्स'. या पाटीत 'लिसन', म्हणजे 'ऐक', हा शब्द दोनदा दडलेला आहे. 'युटेन्सिल्स'चं स्पेलिंग कागदावर लिहा आणि त्यातून एल, आय, एस, टी, ई, एन ही सहा अक्षरं एकेक करून खोडा. मागे यू आणि एक एस एवढंच उरतं. 'स्टेनलेस'मधून खोडलीत तर ए आणि दोन एस.

'लिसन'ची अक्षरं फिरवली की 'सायलेंट' होतो, हे शाळेत कुणीतरी सांगितलेलं असतं. तो खेळ त्यामानाने सोपा. सहा अक्षरांच्या मांडण्या होतात ७२०; चिकाटी असेल तर हातानेही लिहून काढता येतील. पण दिलेली अक्षरं पोटात घेऊन बसलेला मोठा शब्द शोधायचा म्हटलं की प्रश्नाचं रूपच पालटतं, कारण सोबतीला कुठली अक्षरं येणार हेच ठाऊक नसतं. फक्त दोन अनोळखी अक्षरं धरली तरी त्यांच्या जोड्या होतात ३५१, आणि प्रत्येक जोडीबरोबर आठ अक्षरांच्या मांडण्या ४०,३२० पर्यंत. गुणाकार एक कोटी एकेचाळीस लाखांच्या वर जातो, आणि त्यातल्या बहुतेक मांडण्या म्हणजे निव्वळ अक्षरांचा काला.

म्हणून उलट्या बाजूने यायचं. अक्षरांपासून शब्दाकडे जाण्याऐवजी शब्दकोश उघडायचा आणि प्रत्येक शब्दाला विचारायचं, 'तुझ्यात ही सहा आहेत का?' स्क्रॅबल या शब्दखेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चालणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत पावणेतीन लाखांवर शब्द आहेत. संगणकाला एवढे शब्द चाळणं म्हणजे काहीच नाही. प्रश्न असा, की विचारायचं कसं?

इथे मला फार आवडणारी एक युक्ती येते : शब्दातला अक्षरांचा क्रम विसरून जायचा. प्रत्येक शब्दाची अक्षरं ए ते झेड अशी ओळीने लावायची. 'लिसन' होतो ई-आय-एल-एन-एस-टी. 'सायलेंट'चंही तेच, 'एनलिस्ट'चंही तेच. बेल लॅब्जमधले संगणकतज्ज्ञ जॉन बेंटली यांनी 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या १९८६ च्या पुस्तकात ही रीत मोठ्या गोडीने समजावली आहे. अशा मांडणीला ते शब्दाची सही म्हणतात. सही जुळली की शब्द एकाच घरातले.

मोठ्या शब्दांनाही हीच सही उपयोगी पडते. 'युटेन्सिल्स'ची सही ई-आय-एल-एन-एस-एस-टी-यू. डावीकडून बोट फिरवत या : ई, आय, एल, एन, एस मिळाले, पुढचा जादा एस ओलांडला, टी मिळाला, संपलं. एकदाच, न थांबता, मागे न वळता. क्रम टाकून दिल्यामुळे शोध सरळ रेषेत आला.

याच कामाची दुसरी रीत थेट अंकगणितातून येते आणि ती मला याहूनही सुंदर वाटते. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यायची : ए ला २, बी ला ३, सी ला ५, असं करत झेडला १०१. मग शब्दातल्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करायचा. 'लिसन'साठी ११, २३, ३७, ४३, ६७ आणि ७१ यांचा गुणाकार येतो १,९१,४८,०१,९११. गुणाकारात क्रमाला किंमत नाही, त्यामुळे 'सायलेंट'चा आकडाही हाच. आता 'युटेन्सिल्स'च्या आकड्याला या आकड्याने भागा. नि:शेष भाग जातो आणि उत्तर येतं ४,८९१. हे ४,८९१ म्हणजे ६७ गुणिले ७३, म्हणजेच एस आणि यू. खोडाखोड करून आपण जी अक्षरं मागे उरवली होती, तीच भागाकाराने आपणहून हातावर ठेवली! कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पाडता येतात, हा शाळेत शिकलेला नियम इथे शब्द शोधून देतो. दोन एस हवे असतील तर ६७ ने दोनदा भाग जायला हवा, म्हणजे मोजणीही चुकत नाही. अडचण एकच : लांबलचक शब्दांचे आकडे फार फुगतात, म्हणून प्रत्यक्षात बरेचदा अक्षरांची साधी मोजणीच ठेवतात.

स्क्रॅबलचे मुरलेले खेळाडू हेच डोक्यात करतात. हातातल्या सातही सोंगट्या एकाच खेपेत लावल्या तर ५० गुण जादा मिळतात, म्हणून ते शब्द पाठ करतात तेच मुळी सहीसकट. 'लिसन'च्या सहा अक्षरांत ए आला तर 'सेलियंट', जी आला तर 'ग्लिसन', यू आला तर 'युटेन्सिल'.

मराठीत हे करून पाहायला बसलं, की पहिल्याच पायरीवर थबकायला होतं. अक्षर म्हणायचं कशाला? 'क्षत्रिय' आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण संगणक तो आठ तुकड्यांत साठवतो. हलन्त वेगळे, वेलांटी वेगळी. 'कान' आणि 'नाक' बघा. संगणकाकडे दोन्हींत क, न आणि एक काना, म्हणजे सही एकच. आपल्या लेखी मात्र 'का' आणि 'न' फिरवले तर 'नका' होईल, 'नाक' कधीच नाही. तुकडे मोजले तर 'अचानक'मध्येही 'कान' सापडतो, कारण 'चा'चा काना सुटा होऊन 'क'ला जाऊन चिकटतो. मराठी कानाला हे पटत नाही. तेव्हा आधी काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं आपापल्या अक्षराला बांधून घ्यायची आणि मगच सही करायची. तसं केलं की 'अचानक' गळतो, 'मकान' राहतो, आणि ज्याच्या पाटीपासून सुरुवात केली ते 'दुकान'ही.