पोलादाचा सांधा आणि सांधणारे हात

रायपूर शहरापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर वसविलेल्या नवा रायपुरात छत्तीसगडचे मंत्रालय 2012 साली नेण्यात आले. नव्या राजधानीत येणाऱ्याच्या नजरेत प्रथम रुंद रस्ते आणि भव्य इमारती भरतात. परंतु छपरांच्या कैच्या, पाण्याचे नळ, जिन्यांचे कठडे व पुलांच्या तुळया यांना एकत्र धरून ठेवणारा सांधा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो सांधा घालणाऱ्या कारागिरास वेल्डर म्हणतात. मराठी कारखानदारीच्या परिभाषेत त्याला सांधाता असेही नाव आहे.

हा प्रदेश मराठी माणसाला परका नाही. 1854 पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, आणि पुढे 1956 पर्यंत त्याचा कारभार नागपुराहूनच चाले. सोव्हिएत संघाशी 1955 साली झालेल्या करारानुसार भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. रायपूरच्या परिसरात उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहतींतही लोखंडाचे लहानमोठे कारखाने आहेत. जेथे पोलाद निपजते तेथे ते जोडणाऱ्या हातांची गरज ओघानेच येते.

हे जोडकाम वरवर पाहता सोपे वाटते. वेल्डिंगची सळई आणि जोडावयाचे लोखंड यांच्यामध्ये विजेचा कंस निर्माण होतो. त्याच्या प्रखर उष्णतेने दोन्ही पत्र्यांच्या कडा व सळईचे टोक वितळून एकजीव होतात. पोलाद सुमारे 1,500 अंश सेल्सिअसला वितळते. कंसाचे तापमान त्याच्या कित्येक पट असते. वितळलेल्या धातूला हवेतील प्राणवायू व नत्रवायू बाधू नयेत म्हणून सळईवर लेप दिलेला असतो. तो जळून वायूचे आवरण निर्माण करतो आणि सांध्यावर स्लॅगचा थर जमवितो. हा थर प्रत्येक फेरीनंतर हातोडीने ठोकून व ब्रशने घासून काढावा लागतो. तो आत राहून गेला, तर वरून गुळगुळीत दिसणारा सांधा आतून पोकळ राहतो.

देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना 1950 साली सुरू झाली. तिच्या अन्वये औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात प्रत्यक्ष काम करीत शिकण्याची वाट मोकळी केली. छत्तीसगडाने याहून पुढचे पाऊल टाकले. दंतेवाड्यात लाइव्हलीहुड कॉलेज या नावाची संस्था प्रथम निघाली, आणि शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणांना उपजीविकेचे शिक्षण देणारी तशी विद्यालये पुढे अन्य जिल्ह्यांतही स्थापन झाली. 2013 च्या कायद्याने तर राज्यातील युवकांना कौशल्य-प्रशिक्षण मिळण्याचा हक्कच दिला. मागणी केल्यापासून 90 दिवसांच्या आत तशी सोय करून देण्याची जबाबदारी या कायद्याने शासनयंत्रणेवर सोपविली.

हक्क मिळाला म्हणजे हात तयार झाला, असे मात्र नव्हे. टेबलावर सपाट ठेवलेला पत्रा जोडणे नवशिक्याला थोड्या दिवसांत साधते. आडवा सांधा त्याहून कठीण, उभा त्याहूनही कठीण, आणि डोक्यावरच्या सांध्यात तर वितळलेला धातू खाली ओघळू पाहतो. तिरप्या, स्थिर नळीभोवती फिरून एकसारखा सांधा घालणे ही कसोटी मोजकेच कारागीर उतरतात. सळईचे टोक लोखंडापासून साधारण तिच्या जाडीइतके दूर ठेवून तिला सारख्या गतीने पुढे नेणे पुस्तकातून शिकता येत नाही. त्यासाठी शेकडो सळया जाळाव्या लागतात. ज्या विद्यालयात सळयांचा व पत्र्यांचा पुरवठा तोकडा असतो, तेथील विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते. पण कारखान्याच्या दारातील चाचणीत त्याने घातलेला सांधा वाकवून पाहिला की तो तडकतो. त्याने घालविलेले महिने आणि त्याच्या घरच्यांनी सोसलेली ओढ त्या तडकेसरशी वाया जाते.

सांध्यातील दोषाची किंमत केवळ एका उमेदवाराच्या नोकरीपुरतीच राहत नाही. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर कीलँड हा नॉर्वेचा तरंगता तळ उलटला आणि 123 माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत असे आढळले, की एका आधारदांडीवर एक किरकोळ उपकरण बसविण्यासाठी घातलेला अवघा 6 मिलिमीटरचा सांधा सदोष होता. तेथून चीर पसरत गेली, दांडी तुटली आणि तळाचा एक खांबच निखळला. बिनमहत्त्वाचा सांधा असा सांधा नसतोच, हे प्रत्येक प्रशिक्षणशाळेने पहिल्याच दिवशी सांगावे.

शिकणाऱ्याच्या देहाचीही तितकीच काळजी वाहिली पाहिजे. कंसाकडे उघड्या डोळ्यांनी क्षणभर पाहिले तरी त्यातील अतिनील किरणांमुळे काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जोडताना निघणाऱ्या धुराने ताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगच्या धुराची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. काळी काच बसविलेले शिरस्त्राण, चामड्याचे हातमोजे आणि धूर खेचून घेणारा पंखा यांना चैनीच्या वस्तू समजणे म्हणजे तरुणाला व्यवसाय देऊन त्याचे आयुष्य काढून घेणे होय.

कायद्याने ठरविलेले नव्वद दिवस विद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचवितात. त्या दाराच्या आत पुरेशी सळई, स्वतः उत्तम सांधा घालू शकणारा शिक्षक आणि चुकलेला सांधा तोडून पुन्हा घालण्यास लागणारा अवधी, या तीन गोष्टी असतील, तरच बस्तरच्या किंवा महासमुंदच्या खेड्यातून आलेल्या मुलाच्या हाती खरे कौशल्य पडेल. पुढे ज्या पुलावरून हजारो लोक निर्धास्तपणे जातील, त्यांच्या त्या विश्वासाचा पाया याच कार्यशाळेत घातला जातो.