साठा किती तासांचा, पर्याय किती तासांत?

९९ टक्के. १९९७ साली टोयोटाच्या गाड्यांना लागणाऱ्या एका ब्रेक-व्हॉल्व्हच्या पुरवठ्यात आयसिन सेइकी या एकट्या कंपनीचा एवढा वाटा होता. हा ‘पी-व्हॉल्व्ह’ मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाब आटोक्यात ठेवतो. हातात मावेल एवढा, स्वस्त, पण त्याच्याविना गाडी कारखान्याबाहेर पडू शकत नाही. आयसिनच्या कारिया येथील कारखान्यात असे रोज सुमारे ३२,५०० नग बनत.

१ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे तिथे आग लागली आणि काही तासांत व्हॉल्व्हची यंत्रे भस्मसात झाली. टोयोटाची कार्यपद्धती ‘जस्ट-इन-टाइम’, म्हणजे लागेल तेव्हाच माल मागवण्याची, असल्याने हाताशी साठा होता जेमतेम दोन-तीन दिवसांचा. दिवसाला १५,००० च्या आसपास गाड्या बनवणारा समूह ५ फेब्रुवारीपर्यंत जवळपास ठप्प झाला.

एकाच पुरवठादाराकडे सगळे नग देण्याचा हिशेब मात्र चुकीचा नव्हता. एकाच ठिकाणी मोठ्या संख्येने माल बनला की दर उतरतो, दर्जा एकसारखा राहतो. ही बचत रोज दिसते. जोखीम वर्षानुवर्षे दिसत नाही, म्हणून ताळेबंदात तिच्यासाठी रकानाच नसतो.

पुढचे आकडे अधिक बोलके आहेत. आयसिनने व्हॉल्व्हची ड्रॉइंग इतर कंपन्यांना खुली केली. २०० हून अधिक कंपन्या या कामाला हातभार लावू लागल्या आणि त्यांपैकी ६२ ठिकाणी प्रत्यक्ष व्हॉल्व्ह बनू लागले. आगीनंतर ८५ तासांच्या आत पहिले वापरण्याजोगे नग तयार झाले. क्योरित्सु सांग्यो या छोट्या कंपनीने १,००० व्हॉल्व्ह पोहोचवले. रोजच्या गरजेच्या हिशेबात ते जेमतेम तीन टक्के, पण त्यांनी मार्ग दाखवला. शिलाई यंत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्रदर कंपनीने सुमारे ५०० मनुष्य-तास खर्चून एक मिलिंग मशीन या कामाला जुंपले, तेही दिवसाला फक्त ४० नगांसाठी. फायद्याच्या गणितात हे बसत नाही. पुढच्या आठवड्यात बहुतेक लाइन पुन्हा चालू झाल्या. सुमारे ७०,००० गाड्यांचे उत्पादन लांबले, त्यातले बरेचसे नंतर जादा पाळ्यांत भरून काढले गेले.

दराची घासाघीस किंवा करारनामे आधी झाले नव्हते. काम आधी, हिशेब मागाहून, असाच क्रम होता. नंतर आयसिनने खर्च भरून दिला. टोयोटाने आपल्या थेट पुरवठादारांना जानेवारी ते मार्च या तिमाहीतल्या विक्रीच्या १ टक्का रक्कम दिली. ती एकूण १५ अब्ज येनहून अधिक होती. पैसे मिळतील, हा विश्वास त्याआधीच्या अनेक वर्षांच्या व्यवहाराने कमावलेला होता.

शेजारी दुसरी आग ठेवून पाहू. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेतील अल्बुकर्क येथे वीज पडल्याने फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. आग दहा मिनिटांत विझली, पण धूर आणि पाण्याने चिप बनवण्याचे धूळमुक्त कक्ष निकामी झाले. तिथल्या मागणीचा सुमारे ४० टक्के भाग नोकिया आणि एरिक्सन या मोबाइल फोन बनवणाऱ्या कंपन्यांचा होता. २० मार्चला दोघांनाही आठवड्याभराच्या विलंबाचा निरोप मिळाला. नोकियाने त्या चिपांवर रोज नजर ठेवली आणि पुरवठा इतरत्र वळवला. एरिक्सनमध्ये निरोप मधल्या फळीतच अडकला, आणि दुसरा पुरवठादार त्यांनी खर्च कपातीत आधीच गमावला होता. परिणाम: विक्रीत सुमारे ४० कोटी डॉलरचा फटका. पुढच्या वर्षी एरिक्सनचा हँडसेट व्यवसाय सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला.

म्हणजे तोट्याचे माप आगीच्या आकाराने ठरले नाही. प्रत्येक सुट्या भागासाठी दोन आकडे काढले तर ते आधीच कळते: साठा किती तास पुरतो, आणि पर्याय उभा राहायला किती तास लागतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की राहतात ते बंद लाइनचे तास. पहिला आकडा गोदामावर पैसे खर्चून वाढवता येतो. दुसरा कमी करायचा तर ड्रॉइंग वाचू शकणारे, वेळेवर बिलाचे पैसे मिळालेले आणि पहाटे फोन उचलणारे पुरवठादार लागतात. म्हणून खरेदी विभागाच्या तक्त्यात नगाच्या दराशेजारी हे दोन आकडेही हवेत. स्वस्त भाग महाग कधी पडेल, ते तिथेच दिसते.